सत्तरीतलं हेलिकॉप्टर इंजिन केंद्र, साफ्रानचा भारतातला व्याप आणि गोव्यातल्या लहान कारखान्यांची वाट

सत्तरीकर

सत्तरी तालुक्यातल्या हेलिकॉप्टर इंजिन दुरुस्ती केंद्राचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा दोनच ठिकाणी अडते: नोकऱ्या किती आणि जमीन कुणाची. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण मूळ धंदा काय आहे, त्यातलं काम कुठून येतं आणि होंडा, पिसुर्ले, डिचोली, कुंडई, वेर्णे इथल्या लेथ-मिलिंगवाल्यांना त्यात काय मिळू शकतं, हे कुणी मांडत नाही. ते इथे मांडावं म्हणून हा धागा काढतोय.

थोडी पार्श्वभूमी. साफ्रान हा फ्रेंच समूह २००५ साली स्नेक्मा आणि साजेम एकत्र येऊन झाला. त्यातली हेलिकॉप्टर इंजिनांची कंपनी म्हणजे पूर्वीची टर्बोमेका. तिची स्थापना १९३८ची, आणि मुख्य कारखाना फ्रान्सच्या दक्षिणेला, पो शहराजवळ बोर्द इथे. भारताशी तिचं नातं जुनं आहे. १९६२च्या परवाना करारानंतर एचएएलने (हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी कंपनीने) चेतक हेलिकॉप्टर बांधायला घेतलं, त्यातलं आर्टूस्ट इंजिन टर्बोमेकाचं. पुढे चीता आलं, तेही त्याच इंजिनावर. सुरुवातीच्या ध्रुवला टीएम ३३३ बसवलं. मग एचएएलच्या सहभागाने आर्दिदां १एच१ तयार झालं, त्याचं आपल्याकडचं नाव शक्ती. ध्रुवची नंतरची रूपं, रुद्र आणि प्रचंड ही सगळी शक्तीवर उडतात.

सत्तरीतलं केंद्र एचएएल आणि साफ्रान हेलिकॉप्टर इंजिन्स यांच्या संयुक्त कंपनीचं आहे. २०१६च्या डिसेंबरात तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी पायाभरणी केली. टीएम ३३३ आणि शक्ती ही तिथली दोन इंजिनं. जाहीर झालेलं नियोजन असं होतं की सुरुवातीला वर्षाला ५० इंजिनं आणि पूर्ण क्षमतेला १५०.

माझे प्रश्न तीन. एक, हे काम वर्षभर पुरेल इतकं आहे का? दोन, गोव्याच्या हवेत असं काम करताना काय सांभाळावं लागतं? तीन, बाहेरच्या लहान युनिटने या साखळीत शिरायचं तर सुरुवात कुठून करायची? जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं.

गॅसटर्बाईन

सत्तरीकरबाब, पहिल्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी पूर्ण चित्र मांडतो, कारण सत्तरी हा एका मोठ्या मांडणीचा छोटा तुकडा आहे.

साफ्रानचं भारतातलं काम चार थरांत आहे. पहिला थर सुटे भाग बनवण्याचा. बेंगळुरूत एचएएलबरोबरची संयुक्त कंपनी २००५पासून आहे, ती इंजिनाच्या नळ्या बनवते. हैदराबादेत प्रवासी विमानांच्या लीप इंजिनाचे फिरते भाग होतात आणि विमानाच्या विद्युत तारांचे जुडगे तयार होतात. जुलै २०२२मध्ये या तीन ठिकाणच्या नव्या कारखान्यांचं उद्घाटन झालं. दुसरा थर मोठ्या इंजिनांच्या दुरुस्तीचा. हैदराबादच्या जीएमआर एरोस्पेस पार्कमध्ये लीपच्या केंद्राचं उद्घाटन २६ नोव्हेंबर २०२५ला झालं. गुंतवणूक सुमारे १३०० कोटी रुपये, जागा ४५,००० चौरस मीटर, पूर्ण क्षमता वर्षाला ३०० इंजिनांची. लीप म्हणजे जीई आणि साफ्रानच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीतल्या सीएफएमचं इंजिन. इंडिगो आणि एअर इंडियाच्या अनेक ए३२० निओला आणि अकासाच्या ७३७ मॅक्सला तेच आहे. तिसरा थर संयुक्त आरेखनाचा: १३ टनी भारतीय हेलिकॉप्टरसाठीचं अरावली इंजिन, त्यासाठी एचएएलबरोबर बेंगळुरूत वेगळी कंपनी काढली आहे. चौथा थर सैन्यदलांच्या हेलिकॉप्टर इंजिनांची देखभाल. सत्तरी इथे येतं.

ही मांडणी का झाली तेही कळायला हवं. २०१६च्या राफेल करारात ३६ विमानांसाठी ५० टक्के ऑफसेटची, म्हणजे कराराच्या निम्म्या किमतीइतकं काम किंवा गुंतवणूक भारतात आणण्याची अट होती, आणि राफेलचं एम८८ इंजिन साफ्रानचं. ऑफसेटमुळे कंपन्या दार उघडतात. पण त्या टिकतात इथल्या उडणाऱ्या ताफ्यामुळे. केंद्र किती चालेल ते म्हणूनच ताफ्याच्या उड्डाणतासांवरून मोजावं.

आता काम पुरेल का ते बघू. मार्च २०२५मध्ये सरकारने एचएएलशी १५६ प्रचंड हेलिकॉप्टरांचा करार केला, ६६ हवाई दलासाठी आणि ९० लष्करासाठी, किंमत सुमारे ६२,७०० कोटी. प्रत्येकात दोन इंजिनं धरली तर ३१२ शक्ती, शिवाय राखीव वेगळी. आकडा मोठा आहे, पण त्यावर लगेच भाळू नका. नवं इंजिन ओव्हरहॉलला, म्हणजे पूर्ण खोलून दुरुस्तीला, यायला वर्षं लागतात. उदाहरणापुरता हिशेब करतो: ताफ्यात ६०० इंजिनं आहेत, प्रत्येक वर्षाला ३०० तास चालतं आणि ओव्हरहॉलची मुदत ३००० तास आहे असं धरा. मग वर्षाला येणारी इंजिनं ६० होतात. उड्डाण निम्मं झालं की इंजिनंही निम्मी.

हे नुसतं कागदावरचं नाही. ५ जानेवारी २०२५ला पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव पडलं आणि सगळा ध्रुव ताफा काही महिने जमिनीवर बसला. चौकशीत रोख स्वॉशप्लेट (वरच्या पात्यांचा कोन बदलणारी तबकडी) तुटण्याकडे होता, इंजिनाचा त्यात संबंध नाही. तरी ताफा उडत नसेल तर इंजिनाचे तास भरत नाहीत, आणि तास भरले नाहीत तर पुढे काही काळाने दुरुस्ती केंद्राच्या बाकांवर काम कमी पडतं. त्यामुळे कामगार आणि पुरवठादार ठरवताना १५० हा आकडा गृहीत धरून कर्ज काढणं धोक्याचं आहे.

दुसरी बाजूही आहे. मुदतीआधी उतरवावी लागणारी इंजिनं बरीच असतात: बाहेरची वस्तू आत ओढली जाणं, तेलात धातूचे कण सापडणं, कंपन वाढणं, समुद्रावर उडणाऱ्यांना मिठाचा मारा. दाबोळीच्या आयएनएस हंसावर नौदलाचं आयएनएएस ३२३ पथक एप्रिल २०२१पासून ध्रुव मार्क तीन उडवतंय. असं इंजिन सत्तरीच्या अगदी उंबऱ्यावर आहे.

डिचोलीकर

मिठाने नेमकं काय होतं? आमच्याकडे खाणींच्या मशिनरीला गंज हा रोजचाच, पण तिथे सँडब्लास्ट करून रंग मारला की काम भागतं.

गॅसटर्बाईन

दोन वेगळ्या गोष्टी होतात. कॉम्प्रेसरच्या पात्यांवर मिठाचा पातळ थर बसतो, हवेचा प्रवाह बिघडतो आणि तीच शक्ती काढायला टर्बाईन जास्त तापवावी लागते. हा थर धुऊन निघतो. म्हणून समुद्रावरून आलेल्या इंजिनाला खनिजमुक्त पाण्याने धुतात, नंतर थोडं चालवून सुकवतात. नळाचं किंवा बोअरचं पाणी वापरलं तर त्यातले क्षार आतच राहतात.

दुसरी गोष्ट गरम भागातली, आणि ती धुऊन जात नाही. इंधनातलं गंधक आणि हवेतलं मीठ मिळून सोडियम सल्फेट तयार होतं. ते पात्यांवर वितळून बसतं आणि संरक्षक थर खातं. निकेल मिश्रधातूची पाती आतून पोखरली जातात. वरून हिरवट किंवा काळसर फुगीर डाग दिसतो, खाली भिंत पातळ झालेली असते. सँडब्लास्टने हा डाग घालवला तर दोष झाकला जातो, पातं वाचत नाही. इथे निर्णय बोरोस्कोपने (इंजिनात घालून आतलं बघायच्या बारीक नळीने) आणि मोजून घ्यायचा असतो आणि मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. मॅन्युअलबाहेरची दुरुस्ती कितीही चांगली दिसली तरी ती दुरुस्ती धरत नाहीत.

नीता फोंडा

दुसऱ्या प्रश्नातला माझा भाग लिहिते: फ्लोरोसंट पेनिट्रंट तपासणी, म्हणजे एफपीआय. इंजिन खोललं की जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचा भाग यातून जातो, आणि मृगापासून चतुर्थीपर्यंत आपल्या हवेत सगळ्यात जास्त त्रास याच ओळीवर होतो.

क्रम असा. भाग आधी पूर्ण स्वच्छ आणि कोरडा करायचा. मग पेनिट्रंट, म्हणजे भेगेत शिरणारा चमकणारा द्रव, थांबण्याचा वेळ किमान १० मिनिटं. मग धुणं, आणि लागत असेल तिथे इमल्सिफायर (पेनिट्रंट पाण्याने धुऊन निघावा म्हणून). मग ओव्हनमध्ये सुकवणं, तापमान ७१ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचं नाही. मग कोरडी डेव्हलपर भुकटी, पुन्हा किमान १० मिनिटं, पण ४ तासांपेक्षा जास्त नाही. शेवटी अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली बघणं. दिव्याची तीव्रता ३८ सेंटिमीटरवर किमान १००० मायक्रोवॉट प्रति चौरस सेंटिमीटर हवी, आणि खोलीतला पांढरा उजेड २० लक्सच्या आसपास किंवा कमी. आत गेल्यावर डोळे सरावायला निदान एक मिनिट द्यायचं. गडद किंवा फोटोक्रोमिक चष्मा चालत नाही.

बिघडतं कुठे ते आता.

कोरडी भुकटी ओल धरते. गाठी झाल्या की ती भागावर सारखी पसरत नाही, बारीक भेगेतला पेनिट्रंट वर ओढला जात नाही आणि दोष दिसतच नाही. भुकटी रोज बघायची. गाठी दिसल्या तर फेकायची, चाळून परत वापरायची नाही. साठवणीच्या खोलीला डीह्युमिडिफायर हवाच. नुसता एसी पुरत नाही, कारण तो तापमान गाठून बंद झाला की ओल परत वर येते.

भाग ओव्हनमधून काढून लगेच थंड खोलीत नेला तर ठीक. पण थंड खोलीतला भाग बाहेरच्या दमट हवेत आणला की त्यावर दव धरतं आणि पेनिट्रंट लावण्याआधीच भेगेत पाणी शिरतं. मग पेनिट्रंटला आत जायला जागा नसते. तपासणी "स्वच्छ" येते आणि ते उत्तर खोटं असतं. म्हणून दोन खोल्यांच्या तापमानात फरक कमी ठेवायचा, किंवा भाग आधी कोमट करून घ्यायचा.

तिसरं, आणि हे डिचोलीकरांच्या प्रश्नाला लागून आहे: तपासणीआधी शॉट ब्लास्ट केलेला मऊ धातू भेगेचं तोंड बंद करतो. धातू भेगेवरून लोळतो. असं झालं असेल तर आधी रासायनिक एचिंग करून (रसायनाने वरचा पातळ थर काढून) तोंड उघडावं लागतं. तो वेगळा परवाना, वेगळी टाकी, वेगळं सांडपाणी.

माणसांचं सांगते. ही तपासणी करणारा ईएन ४१७९ किंवा नॅस ४१० या मानकांप्रमाणे पात्र लागतो. पेनिट्रंटच्या दुसऱ्या पातळीला एकूण ३२ तासांचं प्रशिक्षण आणि ४०० तासांचा देखरेखीखालचा अनुभव. दरवर्षी जवळच्या नजरेची तपासणी. इतर उद्योगांत चालणारं एनडीटीचं (भागाला धक्का न लावता करायच्या तपासणीचं) साधं प्रमाणपत्र इथे आपोआप ग्राह्य धरत नाहीत.

सत्तरीकर

नीताताई, ही माहिती फार मोलाची. दव धरण्याचा मुद्दा कुठल्याही माहितीपत्रकात येत नाही.

चाचणी बाकाचं काय? आपल्याकडे ३३ अंश आणि ८० टक्के आर्द्रता. तिथे इंजिन कमी शक्ती दाखवणारच. मग पास-नापास कसं ठरतं?

गॅसटर्बाईन

मोजलेले सगळे आकडे मानक दिवसावर आणतात: १५ अंश, १०१३ हेक्टोपास्कल. ३३ अंश म्हणजे ३०६.१५ केल्विन, १५ अंश म्हणजे २८८.१५. भागाकार १.०६२५, त्याचं वर्गमूळ जवळपास १.०३१. फिरण्याचा वेग या आकड्याने भागतात, म्हणजे दुरुस्त केलेला वेग मोजलेल्यापेक्षा ३ टक्के कमी येतो. शक्तीला तापमानाबरोबर दाबाचीही दुरुस्ती लागते.

आर्द्रता वेगळी धरतात. ३३ अंश आणि ८० टक्के म्हणजे हवेच्या किलोमागे सुमारे २५ ग्रॅम पाणी. वाफ हलकी, तिची उष्णता धरण्याची क्षमता वेगळी, त्यामुळे आकडे थोडे सरकतात. चाचणी घेणाऱ्याने आर्द्रता खुद्द हवा आत शिरते त्या तोंडाशी मोजायला हवी. इमारतीच्या दुसऱ्या बाजूच्या फलकावरचा आकडा लिहिला आणि तेवढ्यात सर येऊन गेली, तर इंजिन विनाकारण नापास होतं किंवा, त्याहून वाईट, विनाकारण पास होतं.

वेर्णे टूलरूम

तिसऱ्या प्रश्नावर लिहितो. लांबेल, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

लहान युनिटची नेहमीची समजूत अशी: चांगलं पाच अक्षी मशीन घेतलं, एएस ९१०० मिळवलं, की इंजिनाचे भाग मिळतील. तसं होत नाही. एएस ९१०० ही आयएसओ ९००१वर विमान उद्योगाच्या अटी चढवून केलेली पद्धत आहे, आत्ताची आवृत्ती डी. ती नसेल तर दार उघडत नाही. असेल तर फक्त तुमचं बोलणं ऐकून घेतात. त्यापुढे ग्राहकाचं स्वतःचं ऑडिट, आणि उष्णता प्रक्रिया, वेल्डिंग, मुलामा, रासायनिक प्रक्रिया, एनडीटी यातलं काहीही करणार असाल तर त्या-त्या प्रक्रियेचं नॅडकॅप, म्हणजे विमान उद्योगाची विशेष प्रक्रियांसाठीची मान्यता. नॅडकॅप पहिल्यांदा १२ महिन्यांसाठी मिळतं, निकाल चांगले राहिले तर १८ आणि मग २४ महिन्यांचं होतं.

मग पहिल्या नगाची तपासणी, एएस ९१०२. तीन फॉर्म. पहिल्यात भाग आणि त्याचे उपभाग, दुसऱ्यात धातू, विशेष प्रक्रिया आणि कार्यात्मक चाचण्या, तिसऱ्यात ड्रॉइंगवरचं प्रत्येक माप. ड्रॉइंगवर प्रत्येक मापाला, प्रत्येक टिपेला गोल काढून क्रमांक द्यायचा आणि तिसऱ्या फॉर्मात त्याच क्रमांकाला मोजलेला आकडा लिहायचा. "ठीक" असं लिहिलेलं चालत नाही, आकडा लागतो. लोक चुकतात ते ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या टिपांना क्रमांक द्यायला विसरतात म्हणून: कडा मोडणे, पृष्ठभागाचा खडबडीतपणा, खुणा करण्याची पद्धत. आणि हे एकदाच करून संपत नाही. ड्रॉइंग बदललं, मशीन किंवा जागा बदलली, प्रोग्राम बदलला, किंवा दोन वर्षं उत्पादन थांबलं तर पूर्ण किंवा अंशतः परत करावं लागतं. शेड बदलून शेजारच्या प्लॉटवर गेलात तरीही.

आता तापमान. मापाचं जागतिक संदर्भ तापमान २० अंश आहे. आपल्या शॉपमध्ये दुपारी ३२ असतं. पोलाद मीटरला अंशामागे साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. २०० मिलिमीटरचा शाफ्ट १२ अंशांच्या फरकाने सुमारे २८ मायक्रॉन लांब मोजला जातो. ॲल्युमिनियमचा असेल तर ५५. टॉलरन्स (मापात चालणारा फरक) २० मायक्रॉनचा असेल तर मशीनने अचूक काढलेला भाग मापखोलीत नापास होतो आणि ऑपरेटर उगाच मशीनमधला टूलचा ऑफसेट बदलत बसतो. भाग मापखोलीत नेऊन लगेच मोजायचा नाही, काही तास तिथे ठेवायचा. जाड असेल तर रात्रभर. सीएमएमला (मापं घेणाऱ्या यंत्राला) यूपीएस आणि खोलीला सलग एसी, रात्रीही. रात्री एसी बंद करून बिल वाचवणारी युनिट्स सकाळचे पहिले दोन-तीन तास खोटी मापं घेतात.

धातूबद्दल. इन्कोनेल ७१८ हा निकेलचा मिश्रधातू कापताना कार्बाईडने मिनिटाला ३० ते ५० मीटरच्या पलीकडे जायची घाई करू नका. टूल बोथट झालं की पृष्ठभाग घासला जातो, कडक होतो आणि पुढचं टूलही तिथेच मरतं. फीड अर्ध्यावर थांबवायचा नाही, टूल भागावर रेंगाळू द्यायचं नाही. वायरकट किंवा स्पार्क इरोजनने कापलेल्या भागावर वितळून पुन्हा गोठलेला थर राहतो, त्यात बारीक भेगा असतात. फिरत्या भागावर तो थर काढून टाकल्याचा पुरावा मागतात.

डिचोलीकर

म्हणजे खाणपट्ट्यातल्या आमच्या वर्कशॉपांना काहीच वाव नाही? २०१२ला खाणी बंद झाल्या, परत सुरू झाल्या, मग २०१८च्या मार्चला पुन्हा थांबल्या. होंडा, पिसुर्ले भागात हायड्रॉलिक सिलिंडर, मोठे शाफ्ट, बुशिंग करणारे कसबी लोक आहेत. त्यांची मशिनं अजून चालू आहेत.

वेर्णे टूलरूम

वाव आहे, आणि मला वाटतं तोच खरा दरवाजा आहे. फक्त उडणाऱ्या भागापासून सुरुवात करू नका.

दुरुस्ती केंद्राला जमिनीवरची सामग्री प्रचंड लागते. इंजिन उलटंसुलटं करायचे स्टँड, मॉड्यूल उचलायच्या बीम आणि स्लिंग, ट्रॉल्या, बेअरिंग पुलर, बसवण्याची बुशिंगं, बॅलन्सिंगचे आर्बर, एफपीआयच्या टोपल्या, इंजिन वाहतुकीचे सांगाडे, चाचणी बाकाच्या नळ्यांचे जोड. हे उडत नाही, म्हणून नॅडकॅपची पायरी बहुतेक ठिकाणी लागत नाही. तरीही ड्रॉइंग, टॉलरन्स, धातूचा दाखला, भारचाचणी हे सगळं शिकायला मिळतं आणि ऑडिट करणाऱ्यांशी ओळख होते.

उचलण्याच्या सामग्रीत हे लक्षात ठेवा: प्रत्येक नगाला अनुक्रमांक, सुरक्षित कार्यभार कोरलेला, भारचाचणीचं प्रमाणपत्र आणि पुढच्या चाचणीची तारीख. वेल्डरचं पात्रतापत्र त्या सांध्याच्या प्रकाराचं असावं. धातूचा दाखला ईएन १०२०४चा ३.१ प्रकार मागा. नुसतं दुकानाचं "अनुरूपता पत्र" चालत नाही. पट्टी कापल्यावर उरलेल्या तुकड्यावर हीट नंबर (धातू भट्टीच्या कुठल्या घाण्यातला ते सांगणारा क्रमांक) परत लिहा. हीट नंबर नसलेला तुकडा कोपऱ्यात पडला की तो भंगार समजायचा, कितीही महाग असला तरी.

आणि खाणपट्ट्यातल्या शॉपांसाठी खास सूचना, यावर माझा फार जोर आहे. लोखंडाची धूळ. खनिजाची लाल धूळ, मृदू पोलादाचं ग्राइंडिंग, तेच ब्लास्टिंगचे दाणे निकेल, टायटॅनियम किंवा स्टेनलेसवर वापरले की लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात आणि पहिल्या पावसात गंजाचे ठिपके येतात. वेगळी खोली, वेगळी चाकं, वेगळे ब्रश, वेगळे दाणे. मिसळ झाल्याचं ऑडिटमध्ये दिसलं तर पुढचं बोलणंच थांबतं.

नीता फोंडा

त्यात भर घालते. गरम भागावर साध्या पेन्सिलीने खूण करायची नाही, ग्राफाइटचा कार्बन तापल्यावर धातूत शिरतो आणि तिथून भेग सुरू होते. जस्ताचा किंवा कॅडमियमचा मुलामा असलेली हत्यारं अशा भागांना लावायची नाहीत. क्लोरीन असलेला मार्कर, साधी सेलो टेप हेही टाळा. पुलर किंवा बुशिंग बनवणाऱ्याने "गंजू नये" म्हणून आपणहून झिंक प्लेटिंग करून पाठवलं तर ते परत येणार, आणि रास्तच आहे. ड्रॉइंगवर मुलामा लिहिला नसेल तर करू नका. विचारा.

पणजी लेखापाल

पैशांचं थोडक्यात. विमानांच्या देखभाल-दुरुस्ती सेवेवरचा जीएसटी एप्रिल २०२०मध्ये १८वरून ५ टक्क्यांवर आणला. जुलै २०२४पासून विमानाचे भाग, चाचणी उपकरणं आणि हत्यारं यांच्या आयातीवर ठरावीक अटींसह सरसकट ५ टक्के एकात्मिक जीएसटी आहे. तुम्ही स्टँड किंवा टोपली पुरवता तेव्हा मात्र तुमचा माल त्या वर्णनात आपोआप बसतो असं धरू नका. वर्गीकरण आधी ठरवा आणि कोटेशनमध्ये कर वेगळा दाखवा.

नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यायचे, हे २००६च्या कायद्यातलं बंधन आहे. १ एप्रिल २०२४पासून उशीर करणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी आयकरात वजाही करता येत नाही. पण हे भारतातल्या खरेदीदारापुरतं. थेट फ्रान्सला पाठवलात तर करारात लिहिलेली मुदत तीच खरी. आणि मुदत मोजायला कधी सुरुवात होते ते वाचा: माल पोचल्यापासून की तिकडची तपासणी संपल्यापासून. यात दीड-दोन महिन्यांचा फरक पडतो आणि खेळतं भांडवल तिथेच आटतं.

वाळपईची रेश्मा

नोकऱ्यांचं कुणीतरी लिहा. आयटीआय फिटर, मशिनिस्ट झालेल्या मुलांनी विमान देखभालीचा परवाना काढावा का? खाजगी संस्थांची फी खूप आहे.

गॅसटर्बाईन

रेश्माताई, इंजिनाच्या शॉपसाठी तो परवाना पहिली पायरी नाही. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाच्या) कार ६६ या नियमाखालचा बी १.३ परवाना टर्बाईन हेलिकॉप्टरवर काम करून ते उडायला सोडणाऱ्यासाठी आहे. शॉपमध्ये खोललेलं इंजिन बाकावर बांधणारा माणूस कार १४५ या नियमाखाली मान्यता असलेल्या दुरुस्ती संस्थेने स्वतः दिलेल्या अधिकारपत्रावर काम करतो. सैन्याच्या इंजिनांवर तर संरक्षण खात्याची गुणवत्ता यंत्रणा देखरेख करते. म्हणून लाखो रुपये भरण्याआधी मुलाने ठरवावं की त्याला विमानतळावर काम करायचंय की शॉपमध्ये.

शॉपसाठी फिटर, मशिनिस्ट हा पाया उत्तम आहे. त्यावर चढवायच्या गोष्टी: मायक्रोमीटर आणि बोअर गेज न चुकता वाचणं, टॉर्क रेंच नीट वापरणं, लॉकवायर (बोल्ट सैल होऊ नये म्हणूनची तार) बांधणं, इंग्रजी मॅन्युअलमधला क्रम वाचून तसाच पाळणं. शेवटचं सगळ्यात कमी जणांना जमतं. चांगला फिटर अनुभवावर विसंबतो, आणि इथे प्रत्येक पायरीला कागद बघून सही करायची असते. एनडीटीकडे जाणं हा दुसरा रस्ता, तो नीताताईंनी सांगितलाच आहे. तिसरा रस्ता काँपोझिटचा, म्हणजे तंतू आणि राळ मिळून केलेल्या हलक्या भागांचा: पिळर्णेच्या वसाहतीत कायनेकोने २०१२ साली कामन या अमेरिकी कंपनीबरोबर विमानभागांचं काम सुरू केलं, म्हणजे ते कसब गोव्यात आधीपासून आहे.

प्रशिक्षणार्थी कायद्याखालच्या जागांवर लक्ष ठेवा. सार्वजनिक कंपन्यांच्या उपकंपन्यांत शिकाऊ म्हणून शिरणं फीपेक्षा स्वस्त आणि जास्त उपयोगाचं.

सत्तरीकर

शेवटचा एक प्रश्न. वाहतुकीचे सांगाडे करायचे म्हटलं तर आमच्या दोन-तीन युनिट्सना मिळून जमेल असं वाटतं. इंजिन चोर्ला घाटातून बेळगावमार्गे बेंगळुरूला जाईल-येईल. सांगाड्यात काय महत्त्वाचं?

वेर्णे टूलरूम

इंजिन थांबलेलं असताना बेअरिंगचे गोळे एकाच जागी टेकलेले असतात. घाटातल्या खड्ड्यांचे बारीक हादरे तासन्तास बसले की गोळ्यांच्या जागी रेसवर (बेअरिंगच्या कड्यावर) खळगे पडतात. बाहेरून काहीच दिसत नाही, चाचणी बाकावर कंपन वाढतं आणि नवं बांधलेलं इंजिन परत खोलावं लागतं. म्हणून रबर माउंट सगळ्यात महत्त्वाचे. त्यांचा कडकपणा इंजिनाच्या वजनाप्रमाणे निवडलेला, आणि माउंटला तयार झाल्याची तारीख, कारण रबर वय झालं की कडक होतं. "जड मालाचे चांगले पॅड" म्हणून बाजारातले उचलून लावू नका. हलक्या इंजिनाखाली ते दगडासारखेच वागतात.

सांगाड्यावर धक्का नोंदणारं साधन बसवायची जागा सोडा. बंद पेटी असेल तर सिलिका जेलच्या पिशव्या बदलायला बाहेरून झाकण आणि आर्द्रतेचं रंगीत कार्ड दिसेल अशी काच. फोर्कलिफ्टचे खाचे गुरुत्वमध्याच्या दोन्ही बाजूंना, आणि गुरुत्वमध्य पेटीवर रंगवलेला. ट्रक एअर सस्पेन्शनचा मागावा.

पहिला नमुना इंजिनाच्या वजनाचा आणि त्याच गुरुत्वमध्याचा लोखंडी ठोकळा घालून घाटातून फिरवा, धक्क्यांची नोंद काढा, आणि ती नोंद कोटेशनला जोडा.

सत्तरीकर

ठोकळ्याचं आरेखन या आठवड्यात करायला घेतो. माउंटचा कडकपणा निवडायला वजनाशिवाय आणखी कुठली माहिती मागायची?

वेर्णे टूलरूम

गुरुत्वमध्याची तिन्ही मापं, टेकवण्याचे बिंदू आणि त्यांच्यावर चालणारा कमाल भार, इंजिन तेलासकट जाणार की रिकामं, आणि सोसता येणारा कमाल धक्का किती जी (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट). हे चार आकडे लेखी मागा. फोनवर मिळालेल्या आकड्यावर रबर मागवू नका.